बाबांच्या एकसष्टीचं घड्याळ

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि तिन्ही घड्याळांचे फोटो मिळाले. एकसष्टीला बाबांना घड्याळ द्यायचं, त्यांनी ते मनसोक्त वापरायचं आणि पुढे ते घरातच कुणाच्या तरी मनगटावर राहायचं, हा तुझा बेत मला आवडला. फक्त तुझी नजर आत्तापासूनच नातवंडांवर लागली आहे. घड्याळ आधी बाबांच्या हातात बसायचंय, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

चौकोनी स्मार्टवॉचबद्दल फार लिहीत नाही. चालायला प्रोत्साहन म्हणून ते जरूर घेऊन दे, पण ती वेगळी भेट. चार-सहा वर्षांत बॅटरी दम तोडते आणि सॉफ्टवेअर जुनं होतं. वारसा म्हणून त्याचा विचारच नको.

डायलवर तीन छोटी डायलं असलेलं जे दुसरं आहे, ते दुकानातल्या उजेडात झकास दिसतं. पण बाबांना चष्मा आहे. सोनेरी डायलवर सोनेरी काटे, त्यात ती छोटी वर्तुळं, म्हणजे संध्याकाळी दिवेलागणीला किती वाजले ते कळायला त्यांना खिडकीशी जावं लागेल. पांढरं किंवा साय रंगाचं डायल, काळे नाहीतर निळे काटे, ठळक खुणा असं काहीतरी बघ. तारीख हवी असेल तर ती चष्म्याशिवाय वाचता येते का, ते दुकानात तपास. आकार ३६ ते ३९ मिलिमीटर. बाबांच्या पिढीने साधारण ३५ मिलिमीटरची घड्याळं वापरली. ४४ मिलिमीटरचा तवा मनगटावर चढवला तर पाहुण्यांसमोर घालतील आणि रात्री काढून कपाटात ठेवतील.

त्या कपाटाची मला खरी धास्ती आहे. आपल्याकडे वडील मंडळींना महागाची वस्तू दिली की ती "जपून" ठेवली जाते. डबी, डबीवर मऊ कापड, ते गोदरेजच्या कपाटात, वर्षातून दोन लग्नांना बाहेर. घड्याळाला हे मानवत नाही. आतलं तेल न वापरताही वाळतं. सेलवालं असेल तर संपलेला सेल आतच गळतो आणि सर्किट खातो. कपाटात पडून मेलेली इतकी घड्याळं माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आली आहेत, की वापरून झिजलेली त्यांच्यापुढे कमीच म्हणायची. म्हणून किंमत अशी ठेव की बाबा ते घालून भाजी आणायला जातील. तुझ्याकडे लाखभर रुपये आहेत म्हणून लाखाचंच घ्यायला हवं असं नाही. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या) घड्याळाचं साधारण दर पाच वर्षांनी सर्व्हिसिंग, म्हणजे तीस वर्षांत सहा वेळा. कंपनीच्या सेंटरवर एका सर्व्हिसिंगला काय पडतं ते घेण्याआधी विचार, सहाने गुण आणि मग बजेट ठरव.

आता मशीन, म्हणजे घड्याळाची आतली यंत्रणा. दुकानात केस (बाहेरचं धातूचं कवच), काच, पट्टा, डबी सगळं दाखवतात; मशीनचा नंबर तूच विचारायचा. तीस वर्षांनी ते घड्याळ कुठल्यातरी गावातल्या कारागिराच्या हाती जाणार. त्याला ते उघडता आलं पाहिजे आणि पार्ट मिळाला पाहिजे. म्हणून रेकॉर्डसाठी बनवलेल्या नवलाईच्या मशीनपेक्षा ढिगाने बनलेलं मशीन बरं. स्विसमध्ये ईटीए २८२४ किंवा त्याच धाटणीचं सेलिटा एसडब्ल्यू२००, जपान्यांत सिकोचं एनएच३५ किंवा मियोटाचं ८२१५. एनएच३५ तर जगभरच्या कितीतरी छोट्या ब्रँडच्या घड्याळांत बसवलेलं असतं. उद्या दुरुस्तीपलीकडे गेलं तरी अख्खं मशीन बदलून घड्याळ पुन्हा सुरू होतं, आणि डायल-केस तीच राहते. काही नव्या मशीनमध्ये चाल कमी-जास्त करायची पट्टीच नसते, कारखान्यात लेझरने जुळवून देतात. चालतात उत्तम, पण आमच्यासारख्याच्या चिमट्याला तिथे फारसं काम उरत नाही. ज्वेल किती, यावर भाळू नकोस. ती कृत्रिम माणकं असतात, घर्षण कमी करायला. चावीच्या साध्या घड्याळाला १७ पुरतात, आणि विकायला गेलीस तर त्यांची किंमत जवळपास शून्य.

सर्व्हिसिंगचा एवढा आग्रह का, तर एनएच३५सारखं मशीन तासाला २१,६०० ठोके मारतं. दिवसाचे झाले पाच लाखांच्या वर. मोटारीचं तेल न बदलता कुणी इतकं पळवत नाही. "चालतंय ना, मग कशाला उघडायचं?" असं बाबा म्हणणारच. कोरडं मशीनही बराच काळ चालतं, फक्त ते स्वतःला खात चालतं.

ऑटोमॅटिक घ्यायचं की चावीचं, हे बाबांच्या दिनक्रमावर ठेव. ऑटोमॅटिकला हाताची हालचाल लागते. नोकरीत असताना ती आपसूक होते. निवृत्त माणूस सकाळी पेपर, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी बागेत अर्धा तास असा असेल, तर घड्याळ पहाटे कधीतरी थांबतं आणि "तुझं घड्याळ बंद पडलं" असा फोन येतो. चावीच्या घड्याळाला रोज सकाळी एकदा चावी दिली की झालं. पण बाबांची बोटं आखडत असतील तर बारीक चावी फिरवणं ही शिक्षाच. दुकानात त्यांनाच फिरवून बघू दे. भेट गुप्त ठेवायचा हट्ट सोड. दोन्ही जमत नसेल तर साधं तीन काट्यांचं क्वार्ट्‌झ, म्हणजे सेलवर चालणारं, घे. त्यात कमीपणा काही नाही. मात्र अलार्म-स्टॉपवॉच-चंद्रकला असलं काही नको. साध्या क्वार्ट्‌झचं मशीन स्वस्तात बदलून मिळतं; खास मशीनचं सर्किट बनायचं बंद झालं की घड्याळाचा कारभार आटोपला.

आता तुझ्या लाडक्या तिसऱ्या फोटोकडे येतो. ऑनलाइन मिळालेलं फेव्हर ल्युबा या स्विस कंपनीचं जुनं घड्याळ, "साठच्या दशकातलं, ओरिजिनल, नव्यासारखं". फोटो मोठा करून मी बराच वेळ पाहिला. साठ वर्षांचं डायल आणि त्यावर एक डाग नाही? बारकाईने बघ: मिनिटांच्या रेषा वरच्या उठावदार खुणांच्या मधोमध यायला हव्यात, सातच्या आणि आठच्या खुणेपाशी त्या सरकल्या आहेत. खालची अक्षरं एकसारख्या जाडीची नाहीत, शाई कडेला फुटली आहे. सेकंदकाटा लाल, तोही दुसऱ्याच घड्याळाचा वाटतो. केसचे कान, म्हणजे पट्टा अडकवायची टोकं, पॉलिश करकरून गोल झालेत. मुळात तिथे धारदार कडा असते. जुन्या मशीनवर नवं रंगवलेलं डायल, चार घड्याळांचे पार्ट आणि भडक पॉलिश, या प्रकाराला जगभरचे शौकीन "मुंबई स्पेशल" म्हणतात. आपल्या मुंबईचं नाव असं गाजावं हे वाईट, पण नाव उगाच पडलेलं नाही. हौस म्हणून दोन-तीन हजारांत घेतलं तर माझी ना नाही. वारसा म्हणून मात्र डाग पडलेलं, पिवळसर झालेलं, पण मूळचं डायल केव्हाही चांगलं. आणखी एक: त्या काळातल्या ज्या डायलवर, काट्यांवर रात्री चमकणारा रंग असे, त्यात रेडियम असू शकतं. चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याचं अर्धायुष्यच १६०० वर्षं. असलं घड्याळ घरी उघडून खरवडायचं नाही आणि पोराबाळांच्या हाती खेळायला द्यायचं नाही.

आईला सोन्याचं हवंय, असं लिहिलंयस. मुलाम्याचं घेतलंत तर पट्टा अडकतो तिथल्या कोपऱ्यांवर आधी पितळ दिसायला लागतं. घाम फार येणाऱ्याचं लवकर. आणि सबंध सोन्याची केस असेल तर ती वारशात टिकेल याची खात्री नाही. अडचणीच्या दिवशी ती सराफाच्या काट्यावर जाते, मशीन काढून बाजूला ठेवतात आणि केस वितळते. स्टीलच्या घड्याळावर अशी वेळ कुणी आणत नाही. ३१६एल स्टील (सहसा न गंजणारं) आणि सफायर काच (सहजी ओरखडे न पडणारी) घे. पट्ट्याचा खाचा १८ किंवा २० मिलिमीटरचा असू दे, म्हणजे कुठल्याही गावात पट्टा मिळेल. आपल्या पावसाळ्यात चामड्याला वास येतो, शिवण सुटते; जूनपासून चार महिने स्टीलची चेन, नंतर हौसेला चामडं.

पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस की बाबांचं लग्नातलं एचएमटी ड्रॉवरमध्ये बंद पडलंय. जावयाला घड्याळ द्यायची तेव्हा पद्धतच होती. आता मी "तेच खरं, नवं कशाला?" असं म्हणेन असं तुला वाटलं असेल. नाही म्हणणार. ते त्यांना सासऱ्यांनी दिलं, हे तू देतेयस. एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही. पण ते दुरुस्त मात्र करून घे. एचएमटीने १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि सरकारने २०१६मध्ये त्यांची घड्याळ-कंपनी बंद करायचं ठरवलं, तरी चावीच्या मशीनचे पार्ट अजून फिरताहेत, कारण ती घड्याळं घरोघरी होती. कारागिराला बजावून सांग: मशीन साफ करा, तेल घाला, काच बदलली तरी चालेल, डायलला हात लावायचा नाही आणि केस पॉलिश करायची नाही. काढलेला प्रत्येक पार्ट परत मागून घे.

यामुळे घरात दोन घड्याळं होतात, आणि तुम्ही भावंडंही दोन. "पुढे ते दादाकडेच जाईल" असं तू गृहीत धरून लिहिलंयस. का बरं? घड्याळ मुलाला आणि पाटल्या मुलीला, ही वाटणी कुणी ताम्रपटावर लिहून ठेवलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या घड्याळाची कल्पना १९९६पासून जिनिव्हाच्या पाटेक फिलिपने जाहिरातींत फार कौशल्याने विकली. त्यातले बाप-लेकांचे फोटो गाजले, तेच डोक्यात बसलेत. ३६ मिलिमीटरचं घड्याळ तुझ्या हातात उत्तम दिसेल. कुठलं कुणाला, हे बाबांनी हिंडते-फिरते असताना सांगावं, आईसमोर आणि दादासमोर. पाच मिनिटांचा विषय आहे. तो टळला की पुढे त्याचाच अबोला होतो, तोही बऱ्याचदा वस्तू दोन-पाच हजारांची असताना.

नाव कोरायचं असेल तर मागचं झाकण बंद स्टीलचं हवं. काचेच्या झाकणावर जागा राहत नाही. नाव आणि तारीख, बस. "प्रिय बाबांस सप्रेम" वगैरे मजकूर नातवाला घालताना परका वाटेल. कोरीव काम खोल करून घे. एक गंमत सांगतो: जुन्या घड्याळाचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा दिसतात, एखादं अक्षर, महिना, साल. बरेच कारागीर आपापली खूण करून ठेवतात. एचएमटी उघडशील तेव्हा भिंग मागून घे आणि बघ, कुणाकुणाचा हात लागलाय ते.

बाबांना तीन गोष्टी सांगून ठेव. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हाताने बदलायची नाही, आतल्या चाकांचे दात मोडू शकतात. मोबाईलच्या चुंबकवाल्या कव्हरवर घड्याळ ठेवायचं नाही. एकदम दिवसाला मिनिटा-मिनिटाने पुढे पळायला लागलं तर चुंबक लागलंय असं समजायचं, ते उतरवायला दोन मिनिटं लागतात. आणि काचेच्या आत वाफ दिसली तर उन्हात किंवा तांदळात न ठेवता त्याच दिवशी कारागिराकडे न्यायचं, कारण गंज रात्र बघत नाही.

चेनच्या कड्या समारंभाआधीच काढून घे. एकसष्ट दिव्यांनी ओवाळून झालं आणि घड्याळ मनगटावर बांगडीसारखं फिरायला लागलं, तर ते त्याच संध्याकाळी कपाटात जाईल. बिल, वॉरंटी कार्ड आणि काढलेल्या कड्या एका पाकिटात घाल, पाकिटावर मशीनचा नंबर लिही.

बाबांच्या मनगटाभोवती दोरा गुंडाळून माप घे आणि मला कळव. ते कुठल्या हातात घालतात आणि झोपताना काढतात का, हेही लिही. मग दोन-तीन नावं सुचवतो.

तुझा,
काका