वाचकांचे प्रश्न : विंडोज ११ स्वीकारावी की थांबावे?

विंडोज १० या संगणक प्रणालीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्यानंतर कोकणातील वाचकांकडून विंडोज ११ विषयी अनेक प्रश्न आले. प्रणाली एकच असली, तरी एखादा वाचक तिच्यामुळे अडून बसलेला असतो आणि दुसरा तिच्यावर मनापासून खूश असतो. हा फरक आवडीनिवडीचा कमी आणि संगणकाच्या वयाचा, त्याला जोडलेल्या यंत्रांचा व त्यावर चालणाऱ्या कामाचा अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणूनच पुढील उत्तरांत प्रणाली चांगली की वाईट हे ठरवण्याआधी ती कोणत्या संगणकावर आणि कशासाठी वापरली जाते, याचा विचार केला आहे.

प्रश्न : माझी हापूसची बाग आहे. २०१६ मध्ये घेतलेल्या घरच्या संगणकावर मी नेहमीच्या ग्राहकांच्या याद्या, पेट्यांची नोंद आणि बँकेचे व्यवहार करतो. संगणक उत्तम चालतो, तरीही तो विंडोज ११ साठी पात्र नसल्याचा संदेश येतो. गणपतीला मुंबईहून आलेला पुतण्या म्हणाला की, ही तपासणी चुकवून नवी प्रणाली बसवता येते. त्याच्या मित्राने तसे केले असून त्याचे काहीही अडलेले नाही. मी काय करावे?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : आपला संगणक हळू आहे, असे तो संदेश सांगत नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण पुरते, आणि एवढे आपल्याकडे नक्कीच असेल. अट अडते ती सुरक्षेच्या घटकांवर. टीपीएम २.० हा संगणकातील गुप्त किल्ल्या वेगळ्या व बंदिस्त जागी सांभाळणारा घटक आहे, तर सिक्युअर बूट ही संगणक सुरू होताना अनोळखी आज्ञावली आत शिरणार नाही याची खात्री करणारी सोय आहे. याशिवाय प्रोसेसरची, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपची, यादी ठरलेली आहे. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात येऊ लागलेले प्रोसेसर तीत बसतात. आपला संगणक २०१६ चा असल्याने तो या यादीबाहेर आहे आणि कोणतीही सेटिंग बदलून तो आत येणार नाही. २०१८ नंतरच्या संगणकावर असाच संदेश येत असेल, तर मात्र गोष्ट निराळी असू शकते. अशा संगणकांत टीपीएम असतो, पण पुष्कळदा तो बंद ठेवलेला असतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन नेमकी कोणती अट अडते ते दाखवते. ते पाहिल्याशिवाय दुकानदाराच्या सांगण्यावरून नवा संगणक घेऊ नये.

पुतण्याचे म्हणणे खोटे नाही, तपासणी चुकवता येते. परंतु अशा संगणकांना पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी नाही, हे स्वतः मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीत प्रोसेसरच्या काही विशिष्ट आज्ञा अनिवार्य झाल्या आणि फार जुन्या प्रोसेसरवर ती आवृत्ती सुरूच होत नाही. आपला प्रोसेसर इतका जुना नाही, पण अटी पुढेही बदलू शकतात हे यावरून दिसते. मित्राचे आज अडलेले नाही, एवढ्या आधारावर ज्या संगणकावरून एप्रिल-मे महिन्यांत पेट्या रवाना व्हायच्या आहेत, त्यावर हा प्रयोग करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

विंडोज १० बंद पडलेली नाही, ती पूर्वीसारखीच चालते. थांबले आहे ते सुरक्षेतील नव्या त्रुटी बुजवण्याचे काम. या कामाचे महत्त्व किती, हे मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगाला दाखवून दिले. त्याने वापरलेली त्रुटी आधार असलेल्या विंडोज आवृत्त्यांसाठी मार्च २०१७ मध्येच बुजवण्यात आली होती. ज्यांनी ती सुधारणा घेतली नव्हती आणि ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती मिळालीच नव्हती, अशांचे संगणक उघडे राहिले.

आपल्यासाठी तूर्त मार्ग आहे. व्यक्तिगत वापरातील विंडोज १० च्या संगणकांना वाढीव सुरक्षा सुधारणांची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उपलब्ध आहे. संगणकावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो आणि संगणकाची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवली, तर त्यासाठी पैसे पडत नाहीत. ही नोंदणी आजच करावी. हंगाम जुन्या संगणकावर निर्धास्तपणे पार पाडावा आणि आंबा संपल्यावर, पण ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी, नव्या संगणकाचा निर्णय घ्यावा. बँकेचे व्यवहार त्यानंतर या संगणकावरील विंडोज १० वरून करू नयेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे आणि एका वार्षिकाच्या संपादनाचे काम करते. नव्या लॅपटॉपवरील विंडोज ११ मला मनापासून आवडली. मूळ लेख आणि दुरुस्त प्रत शेजारीशेजारी ठेवून वाचता येते. मात्र मी वीस वर्षे जपलेले मराठी लेख उघडले की इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसते. नव्या प्रणालीने माझे लेख बिघडवले का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपले लेख सुखरूप आहेत. ते युनिकोड ही प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नसेल तर खालची रोमन अक्षरेच दिसतात. जुन्या संगणकातून तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर बसवावा, म्हणजे लेख पुन्हा वाचता येतील. त्यानंतर सवड काढून प्रत्येक लेखाची युनिकोड प्रत करून घ्यावी. रूपांतर करणारी साधने रफार आणि जोडाक्षरे यांत चुका करतात, म्हणून मूळ फाइल न पुसता दोन्ही प्रती शेजारीशेजारी ठेवून तपासाव्यात. यापुढचे टंकलेखन विंडोजमध्येच असलेल्या इन्स्क्रिप्ट किंवा ध्वन्यानुसारी मराठी कळफलकाने करावे. दोन्ही कळफलक सेटिंग्जमधील भाषेच्या विभागात मिळतात आणि विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलता येते.

प्रश्न : आमचे मालवणजवळ न्याहारी-निवास आहे. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ होती आणि तक्रारीला जागा नव्हती. पावसाळ्यात लॅपटॉप बंद पडला म्हणून मदरबोर्ड, म्हणजे आतील मुख्य सर्किट, बदलला. आता सुरू केला की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते. अशी किल्ली आम्हाला कोणी दिलेली नाही. पाहुण्यांच्या आगाऊ नोंदी आणि दोन वर्षांची छायाचित्रे आत आहेत. ती मिळतील का?
— न्याहारी-निवास चालवणारे एक दांपत्य, मालवण

उत्तर : आपल्या पत्राने मला सर्वाधिक काळजी वाटली, कारण ही अडचण आणखी कितीतरी घरांत अजून उघडकीस यायची आहे. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपांत, मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच, डिस्कवरील सर्व मजकूर सांकेतिक रूपात साठवला जाऊ लागतो. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला काहीही वाचता येऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. एरवी टीपीएम हे सांकेतिक कुलूप आपोआप उघडत असल्याने मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. मदरबोर्ड बदलला की जुना टीपीएम जातो, आणि मग प्रणाली राखीव किल्ली मागते.

ही किल्ली बहुतेक वेळा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला. आपल्या मोबाइलवरून त्या खात्यात प्रवेश करून उपकरणांच्या यादीत आपला लॅपटॉप निवडावा. तेथे किल्लीचा पर्याय दिसतो. निळ्या पडद्यावर एक ओळख क्रमांकही असतो. यादीत एकाहून अधिक किल्ल्या असतील, तर त्या क्रमांकाशी जुळणारी किल्ली वापरावी.

आपले स्वतःचे मायक्रोसॉफ्ट खातेच नसेल, तर ज्या दुकानात लॅपटॉप घेतला तेथे आजच जावे. विंडोज ११ च्या होम आवृत्तीत सुरुवातीलाच खाते मागितले जाते आणि गिऱ्हाइकाकडे ईमेल नसला की दुकानातील मुलगा एखादे तात्पुरते खाते काढून काम उरकतो, असे सर्रास घडते. तसे झाले असल्यास आपली किल्ली त्या खात्यात असेल आणि त्याचा परवलीचा शब्द कोणाला तरी आठवला पाहिजे. किल्ली कोठेच सापडली नाही, तर आतील मजकूर परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. पैसे घेऊन तो काढून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

इतर वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, लॅपटॉप चालू स्थितीत आहे तोवरच ही किल्ली शोधून कागदावर उतरवावी आणि तो कागद घराच्या कागदपत्रांत ठेवावा. खाऱ्या, दमट हवेत मदरबोर्ड गंजणे ही किनाऱ्यावर नवलाची गोष्ट नाही, त्यामुळे महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवरही असायला हवी.

प्रश्न : आमच्या सहकारी संस्थेत होड्यांना दिलेल्या डिझेल-बर्फाच्या नोंदी आणि सभासदांची खतावणी १९९० च्या दशकात करून घेतलेल्या, डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरील कार्यक्रमात आहे. नव्या संगणकावर तो कार्यक्रम उघडतच नाही आणि जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही जोडता येत नाही. विंडोज ११ काढून १० घातली तर काम होईल का?
— एका संस्थेचे सचिव, दापोली तालुका

उत्तर : नव्या संगणकावर सहसा असते तशी ६४ बिटी विंडोज १० घातली, तरीही होणार नाही. आपला कार्यक्रम १६ बिटी, म्हणजे संगणकांच्या जुन्या पिढीसाठी लिहिलेला आहे आणि ६४ बिटी विंडोजवर, मग ती कोणतीही असो, असे कार्यक्रम चालत नाहीत. विंडोज १० ची ३२ बिटी आवृत्ती मिळत असे आणि तिच्यावर ते चालवता येत; विंडोज ११ केवळ ६४ बिटी आहे. डॉसबॉक्स नावाच्या मोफत साधनात जुना कार्यक्रम उघडून पाहता येईल, परंतु ते मुळात जुने खेळ चालवण्यासाठी बनलेले आहे. जुन्या नोंदी पाहण्यासाठी ते वापरावे, सभासदांच्या पैशांचा रोजचा हिशेब त्यावर ठेवू नये.

आधी जुन्या संगणकातील त्या कार्यक्रमाचे संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे दोन ठिकाणी उतरवून घ्यावे. त्यात डीबीएफ प्रकारच्या, म्हणजे नोंदींचे तक्ते असलेल्या फायली असतील, तर लिबरऑफिस या मोफत संचातील कॅल्क या तक्त्यांच्या कार्यक्रमात त्या उघडतात. केवळ डीबीएफ उचलू नयेत. लांब शेरे बऱ्याचदा त्याच नावाच्या, पण डीबीटी किंवा एफपीटी प्रकारच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि ती सुटली की शेरे हरवतात. नवा हिशेब-कार्यक्रम १ एप्रिलपासून सुरू करावा, ३१ मार्चच्या शिलका त्यात आरंभी भराव्यात आणि निदान दोन महिने दोन्हीकडे नोंदी करून तेरीज, म्हणजे खात्यांच्या शिलकांची गोळाबेरीज, जुळते का ते पाहावे. तोवर जुना संगणक इंटरनेटपासून पूर्णपणे तोडून चालू ठेवावा. प्रिंटर समांतर पोर्टाचा, म्हणजे जुन्या रुंद जोडणीचा असेल, तर त्यासाठी अडॅप्टर शोधत बसण्यापेक्षा यूएसबी जोडणीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेणे शहाणपणाचे आहे; मात्र त्याचा ६४ बिटी ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारी आज्ञावली, उपलब्ध आहे, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

प्रश्न : विंडोजच्या सुधारणा (अपडेट) उतरत असताना वीज जाते आणि मोबाइलचा डेटाही संपतो. सुधारणा कायमच्या बंद करता येतील का?
— एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : कायमच्या बंद करू नयेत, त्यांची वेळ मात्र ठरवावी. मोबाइलच्या जोडणीला सेटिंग्जमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’, म्हणजे मोजून डेटा मिळणारी जोडणी, म्हणून नोंदवले, की बहुतेक मोठ्या सुधारणा आपोआप उतरत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरून त्या पाच आठवड्यांपर्यंत लांबवताही येतात. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे बहुधा रात्री उशिरा, मुख्य सुरक्षा सुधारणा प्रसिद्ध होते. पाऊस-वाऱ्याचा जोर असेल तर ती त्याच आठवड्यात घेण्याचा हट्ट नको. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून, उघडीप असलेल्या दिवशी घ्यावी. डेस्कटॉपला यूपीएस असल्याशिवाय कोकणातील पावसाळ्यात मोठी सुधारणा सुरूच करू नये.

प्रश्न : मी विंडोज ११ साठी अपात्र ठरलेल्या संगणकावर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवली आणि अतिशय समाधानी आहे. आपण सर्वांना हाच सल्ला का देत नाही?
— एक काजू प्रक्रिया उद्योजक, वेंगुर्ले

उत्तर : आपले समाधान मला पटते. ज्यांचे काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि तक्ते एवढ्यावर भागते, त्यांना लिनक्स मिंटने जुना संगणक आणखी काही वर्षे सुरक्षितपणे वापरता येईल. सातबारा पाहणे, रेल्वेचे आरक्षण आणि इंटरनेटवरील बँक व्यवहार ब्राउझरमध्येच होतात. देवगडच्या बागायतदारांनीही नव्या संगणकावर खर्च करण्याआधी हा पर्याय जरूर तपासावा.

सरसकट सल्ला देत नाही, कारण टॅली हा हिशेबाचा कार्यक्रम थेट लिनक्सवर चालत नाही, डिजिटल स्वाक्षरी साठवणाऱ्या काही यूएसबी टोकनांना लिनक्सवर चालणारी आज्ञावली मिळत नाही आणि काही प्रिंटरही त्यावर नीट चालत नाहीत. हे आधीच कळण्याची सोय आहे. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून, संगणकातील डिस्कला हात न लावता, सुरू करता येते. त्या अवस्थेत आपला प्रिंटर कागद काढतो का, वाय-फाय जोडले जाते का, मराठी टंकता येते का आणि टोकन ओळखले जाते का, एवढे पाहावे. पेन ड्राइव्हवरून प्रणाली थोडी संथ वाटेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये. डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल, तर ती काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. विंडोज असो वा लिनक्स, जुन्या संगणकाच्या वेगात सर्वाधिक फरक तिनेच पडतो. काढलेली डिस्क पुसू नये, जुन्या फायलींसह बाजूला ठेवावी.