शाहू महाराज शिकवायचे पण जात काढायची नाही, हे कसं जमवू?

प्रश्न : नमस्कार. मी कोल्हापुरात हायस्कूलला इतिहास शिकवते. शाहू महाराजांचं शिक्षणातलं काम सांगताना मुलांना म्हटलं की पूर्वी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांच्या शाळा वेगळ्या असायच्या. दुसऱ्या दिवशी दोन पालक आले, "मॅडम, पोरांच्या डोक्यात जात कशाला घालताय, परीक्षेला येतंय तेवढं सांगा की." मुख्याध्यापकही म्हणाले, राजकारण नको, पुढचा धडा घ्या. मी काय करू?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुम्ही काहीही चुकीचं शिकवलेलं नाही, हे आधी सांगते. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, १९१९ मध्ये त्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला, आता यातली जात काढली तर मागं उरतं काय? नुसते फोटोला हार आणि जयंतीची मिरवणूक. त्या वेळीही हे कित्येकांना खुपलं होतंच, म्हणजे ते राजकारण होतं आणि चांगलं राजकारण होतं.

पुस्तकात काय असावं हे कुणीतरी ठरवतंच. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं शिक्षण राज्यांच्या यादीतून समवर्ती यादीत गेलं, तेव्हापासून केंद्र आणि राज्य दोघांचाही हात त्यात असतो. केंद्राची शालेय पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटी या संस्थेनं ओझं कमी करायचं म्हणून दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला, त्यावर देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. आपल्याकडं २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला आणि लोक चिडले म्हणून जूनअखेर मागंही घेतला गेला. म्हणजे बोललं तर फरक पडतो.

पण मला खरी काळजी तुमच्या स्टाफरूमची वाटते. पुस्तकातून धडा काढायचा तर निदान समिती बसते, बातमी येते, वाद होतो. वर्गात मात्र एक पालक येऊन बोलला, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरला की शिक्षक आपणहूनच ते पान उलटतो आणि कुणाला कळतही नाही. आणि जात घरात, आडनावात, लग्नाच्या बोलण्यात सगळीकडं असतेच की हो, पोरांना ती शाळेत पहिल्यांदा कळत नाही, शाळेत फक्त ती कुठून आली आणि कुणी मोडायला घेतली हे कळू शकतं.

आता करायचं काय. मुख्याध्यापकांना पाठ्यपुस्तकातलं पान दाखवा आणि हे पान सोडायचं असेल तर तसं लिहून द्या म्हणून शांतपणे मागा, बहुतेक कुणी लिहून देत नाही. पालकांशी भांडू नका, पुढच्या पालकसभेत १९१९ च्या हुकुमात काय होतं ते त्यांच्यासमोरच सांगा. वर्गात मात्र एक सांभाळा, कुठल्याही मुलाला त्याची जात विचारू नका, कुणाकडं बोट जाईल असं उदाहरण घेऊ नका, ही पालकांची भीती खरी आहे आणि ती आपण मानलीच पाहिजे. जमलं तर मुलांना दसरा चौकात न्या, तिथलं मुस्लिम बोर्डिंग हे वसतिगृह दाखवा, वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं या गावात का काढावी लागली हे मुलांनाच विचारा आणि त्यांची उत्तरं वहीत लिहून घ्या, म्हणजे कुणी विचारायला आलं तर ती वही पुढं करता येईल.