रॉकेटची 'मोटर' की 'इंजिन'? आणि आत भरतात ते 'इंधन' का?

नागपूरच्या एका वाचकाकडे कारखान्याचं माहितीपत्रक मराठीत करायचं काम आलंय. त्यांची शंका: 'सॉलिड रॉकेट मोटर'ला 'घन इंधनाचं रॉकेट इंजिन' म्हटलं तर चालेल का? 'मोटर' वाचलं की आपल्याकडे विहिरीवरचा पंपच आठवतो, असं त्यांचं म्हणणं.

नाही चालणार. निदान नागपुरात तरी नाही, कारण तिथे हे वाचणारे निम्मे लोक याच धंद्यातले निघायचे. लष्कराच्या 'पिनाक' या रॉकेट-यंत्रणेची रॉकेटं बनवणारी इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज ही सोलार समूहाची कंपनी तिथलीच. संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाकच्या दारूगोळ्यासाठी १०,१४७ कोटींचे करार केले, ते हिच्याशी आणि म्युनिशन्स इंडियाशी. स्कायरूट या खासगी अवकाश कंपनीच्या 'कलाम-१००' या मोटरची चाचणीही मे २०२२ मध्ये सोलारच्या नागपूरच्या केंद्रावर झाली.

या मंडळींत वाटणी पक्की आहे: घन ती मोटर, द्रव ते इंजिन. इस्रोचंच बघा. त्यांच्या एलव्हीएम-३ या रॉकेटच्या टप्प्यांची नावं एस-२००, एल-११० आणि सी-२५. अक्षर प्रकार सांगतं (घन, द्रव, क्रायोजेनिक म्हणजे अतिथंड द्रव), आकडा साधारण किती टन माल भरलाय ते. यातली एस-२०० ही मोटर. एल-११० ला मात्र दोन 'विकास' इंजिनं असतात. इंजिनात टाक्यांतून द्रव ओढणारे पंप असतात, झडपा असतात, झडप मिटली की ते बंद होतं. मोटरमध्ये यातलं काही नाही. नळी, आत ओतून घट्ट केलेला माल, पेटवायला इग्नायटर, मागे जळके वायू बाहेर सोडणारं तोंड, म्हणजे नॉझल. एकदा पेटली की संपेपर्यंत जळते. गंमत म्हणजे 'मोटर' हा शब्द मुळात 'हलवणारा' अशा अर्थाचा, आणि ते नाव मिळालं आतून जवळजवळ काहीच न हलणाऱ्या वस्तूला. संकेत आहे, तर्क शोधू नये.

खरी अडचण 'इंधना'ची. इंधन आणि समिधा एकाच संस्कृत धातूचे, इन्ध् म्हणजे पेटणे. चुलीतलं लाकूड असो की गाडीतलं पेट्रोल, इंधनाला बाहेरची हवा लागते. रॉकेट आपला ऑक्सिजन सोबत नेतं. घन मोटरच्या मालात ॲल्युमिनियमची भुकटी हे इंधन, अमोनियम परक्लोरेट हे ऑक्सिजन पुरवणारं, आणि एचटीपीबी नावाचं रबरासारखं बंधक दोघांना धरून ठेवतं, वर स्वतःही जळतं. वजनात सर्वांत मोठा वाटा परक्लोरेटचा. म्हणजे 'घन इंधन' लिहिलंत की निम्म्याहून जास्त माल शब्दाबाहेरच राहिला!

आपल्या जुन्या भाषेत याला चपखल शब्द होता: दारू. सोरा, कोळसा, गंधक. जळणारं आणि जाळणारं एकाच पुडीत. फारसीत दारू म्हणजे औषध. 'दारूगोळा' अजून टिकून आहे, दिवाळीच्या रॉकेटात आपण दारूच भरतो. पण शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असताना 'आमच्या कारखान्यात रोज दारू भरली जाते' असं छापायला मी सांगणार नाही.

तेव्हा 'प्रणोदक' घ्या. प्र + नुद्, पुढे ढकलणारं. 'विनोद' याच नुद् चा, मरगळ दूर ढकलतो तो. 'प्र'मधल्या र मुळे न चा ण होतो, 'प्रणाम'मध्ये होतो तसाच. 'प्रनोदक' छापू नका. शब्द जड आहे खरा, पण पहिल्यांदा कंसात 'प्रोपेलंट' दिलंत की पुढे निभतं.

पत्रकात 'ग्रेन'ही येईलच. त्याचा 'दाणा' करू नका. मोटरमध्ये ओतून घट्ट झालेला अख्खा ठोकळा म्हणजे ग्रेन, तो टनावारी वजनाचा असू शकतो. त्याच्या मधोमध पोकळी ठेवतात, पुष्कळदा चांदणीच्या आकाराची. जळणारा पृष्ठभाग किती, यावर जोर ठरतो, म्हणून त्या आकाराला महत्त्व. 'ग्रेन'च ठेवा, सोबत एका ओळीचा खुलासा द्या.

आणखी एक. 'मोटर' म्हटलं की प्रणोदकासकट सगळं आलं. नुसती नळी ती 'मोटर केसिंग'. मागणीपत्रात हा घोळ महागात पडतो. लिंगाचं म्हणाल तर मोटर पेटली, इंजिन पेटलं.