डावं मनगट राखून ठेवा

तासगावच्या दादा, वडील ५८ वर्षांचे, शुगर आहे, मिरजेत उजव्या मनगटातून अँजिओ झाली, तिन्ही नळ्यांत ब्लॉक, आणि बायपाससाठी सर्जन म्हणतात "पायाची नस नको, सगळे ग्राफ्ट (ब्लॉकला वळसा घालून जोडायच्या नळ्या) धमनीचेच घेऊ" हे वाचलं. आमच्या घरात हेच होऊन गेलंय. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द सर्जनचा.

लिमा (छातीतली डावी धमनी) एलएडीला, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मुख्य नळीला जोडणार, त्यात वाद नाही. ती १० वर्षांनीही ९० टक्क्यांच्या आसपास रुग्णांत चालू असते. पायाची नस तेवढ्या काळात जवळपास निम्मी बंद पडते. प्रश्न येतो दुसऱ्या-तिसऱ्या ग्राफ्टचा. तिथे हाताची रेडियल (मनगटात अंगठ्याकडची धमनी) लागते, आणि अँजिओची नळी ज्या मनगटातून गेली तिथल्या धमनीचं अस्तर दुखावलेलं असतं. ती सहसा ग्राफ्टला घेत नाहीत. म्हणजे वडिलांचा आता डावाच हात उरला.

आमच्या वेळी एका हॉस्पिटलात (नाव घेत नाही) उजवीकडून नळी सरकेना, म्हणून कुणाला न विचारता डावीकडून घातली. पुढे बायपास ठरली तेव्हा दोन्ही हात बाद! मांडीतून करता आली असती. तिथे रक्तस्रावाचा धोका थोडा जास्त, मान्य. पण विचारायला काय जात होतं? म्हणून आजच वॉर्डात सिस्टरना सांगा: डाव्या हाताला सलाईन नाही, मनगटातून एबीजीचं (धमनीतून घेतात त्या तपासणीचं) रक्तही नाही. हातावर चिकटपट्टी लावून पेनने लिहा, लाजू नका.

डाव्या हाताची अ‍ॅलन टेस्ट (रेडियल दाबली तरी पंजाला रक्त पुरतं का, ते बघतात) झाली का विचारा. शंका असली तर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी. किडनी खराब असेल तर रेडियल घेऊच नये, पुढे डायलिसिससाठी हातात धमनी-शीर जोडून फिस्टुला करतात, त्याला ती लागते.

आणखी एक. "सगळे धमनीचे" ऐकायला छान, पण ब्लॉक किती टक्के ते बघा. मुख्य पाटाला पाणी भरपूर असलं की पोटचारीकडे ओढ लागत नाही, तसंच इथे. हृदयाच्या डाव्या बाजूच्या नळ्यांत ७० आणि उजव्या नळीत ९० टक्क्यांहून कमी ब्लॉक असेल तर रेडियल आकसून दोऱ्यासारखी होऊ शकते. तिथे पायाची नस बरी, असं माझं मत. छातीच्या दोन्ही धमन्या काढणार असतील तर शुगरवाल्याचं छातीचं हाड भरायला त्रास होऊ शकतो, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. स्केलेटनाइज करून (आजूबाजूचं मांस न घेता नुसती धमनी सोडवून) काढणार का, हे स्पष्ट विचारा.

अँजिओची सीडी ताब्यात घ्या. नुसत्या रिपोर्टवर दुसरा सर्जन मत देत नाही, आणि खिडकीवरचा माणूस "नंतर या" म्हणतो तेव्हा हलायचं नाही.

रेडियल घेतली तर घरी आल्यावर डिल्टियाझेम किंवा अम्लोडिपिन बरेच महिने असतं. ते धमनी आकसू नये म्हणून. गावातले डॉक्टर "बीपी नॉर्मल आहे" म्हणत बंद करतात, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर गोळीसमोर कारण लिहून घ्या. अंगठ्याकडची बधिरता बहुतेकांची हळूहळू ओसरते.