हजेरी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये तू विचारलंस, 'काका, कायदा सत्तेला आवरतो की सत्ताच कायद्याला राबवते?' घाईत काहीतरी सांगितलं, ते मनाला लागून राहिलं.

चार हुतात्मा पुतळ्याची गोष्ट तुला शाळेपासून पाठ आहे. गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं. 12 मे 1930 ला मार्शल लॉ लागला, तो 30 जूनपर्यंत. 12 जानेवारी 1931 ला धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. घोर अन्याय, पण तो जगाला दिसला, आणि निदान खटला तरी चालला.

आता आपल्या सोलापूरच्या सेटलमेंटकडे बघ, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथे कोंडून ठेवलं ती वस्ती. तिथल्या लोकांवर खटलाच नव्हता. फिरता माणूस ना सारा देतो ना एका जागी सापडतो, म्हणून इंग्रजाला त्याची धास्ती. रेल्वे आली, बैलांवर माल वाहणाऱ्या तांड्यांचा धंदा बसला. त्यांच्यासारख्यांसाठी 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला. सरकारने अधिसूचना काढली की अख्खी जमात गुन्हेगार. त्या घरात जन्म झाला, एवढा पुरावा पुरे. आपल्याकडे तर तारेच्या कुंपणात वस्ती, रोजची हजेरी, बाहेर पडायला पास, आणि कामाला गिरणी. त्यातलं एक कलम मी आजही विसरू शकत नाही: या अधिसूचनेच्या वैधतेवर कोणत्याही कोर्टाने प्रश्न काढायचा नाही. नवा कायदा हातात आला की आधी असं कलम शोधत जा. ते ज्याच्यासाठी लिहिलेलं असतं, त्याला कोर्टाची पायरीच उरत नाही.

31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा देशभरातून गेला. त्यानंतर चाळीस वर्षांनी माझा एक म्हातारा अशील कोर्टाच्या आवारात शिपाई दिसला की चपला काढून उभा राहायचा आणि न विचारता स्वतःचं नाव, बापाचं नाव सांगायचा. मी हात धरून बाकावर बसवायचो. पुन्हा उठायचा.

तुझ्याकडे त्याच वस्तीतल्या मुलाचा जामीन आहे ना? पोलिसांनी कोठडी मागणाऱ्या रिमांड अर्जात त्याला 'सराईत' म्हटलंय. शिक्षा कोणत्या केसमध्ये, कोणत्या साली झाली, ते कोर्टासमोर विचार. अर्जाची नक्कल घेऊन रविवारी घरी ये, सोबत बसून वाचू.

तुझे
वकीलकाका