आधी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय, आता हर्निया: दुर्बीण की चिरा?

तुम्ही लिहिलंय की बाबा ६७ वर्षांचे आहेत, डाव्या जांघेतली गाठ उभं राहिलं की फुगते आणि आडवं झालं की आत जाते. एक सर्जन दुर्बिणीतून करू म्हणतात, दुसरे चिरा देऊन. आणि शेवटच्या ओळीत, जाता जाता: सहा वर्षांपूर्वी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय. माझ्या मते सगळं त्या शेवटच्या ओळीवर अडलंय. मी २२ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुर्बिणीच्या एका पद्धतीत (डॉक्टर तिला 'टेप' म्हणतात) पोटाच्या पोकळीत शिरतच नाहीत. पोटाचे स्नायू आणि आतड्यांवरचं पातळ आवरण यांच्यामध्ये कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, हर्नियात जांघेकडे खाली उतरलेली त्या आवरणाची पिशवी आत ओढून घेतात आणि तिथे साधारण १० बाय १५ सेंटीमीटरची जाळी पसरतात. दुर्बिणीच्याच दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे 'टॅप'मध्ये, पोटात शिरून ते आवरण आतून उघडतात, जाळी ठेवून पुन्हा शिवतात. दोन्हींत जाळी बसते स्नायूच्या मागेच. धान्याच्या पोत्याला आतून ठिगळ लावलं की धान्याचा भारच ते दाबून धरतो, तसं.

आता अडचण बघा. ही मधली जागा थेट मूत्राशयाच्या पुढ्यात येते. बाबांचं प्रोस्टेट पोटाकडून काढलं असेल, विशेषतः कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढली असेल, तर तिथले थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते सोडवताना मूत्राशयाला इजा होऊ शकते. अशा वेळी पुढून, जांघेत चिरा देऊन जाळी बसवणं जास्त सुरक्षित, कारण तिथल्या थरांना आधी कुणी हात लावलेला नसतो. पण लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेट खरवडलं असेल (टीयूआरपी), तर ही जागा जशीच्या तशी असते. घरचे दोन्हींना 'प्रोस्टेटचं ऑपरेशन' एवढंच म्हणतात. बाबांच्या पोटावर व्रण आहेत का, एवढं आजच बघा.

व्रण नसतील तर दोन्ही रस्ते मोकळे. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, किंवा चिरा देऊन केलेला परत आला असेल, तर मी दुर्बिणीकडे झुकेन. एका बाजूचा, पहिल्यांदाच झालेला असेल तर सर्जनचा हात जास्त महत्त्वाचा. दुर्बिणीने माणूस कामाला लवकर लागतो हे खरं, पण ही पद्धत हातात बसायला बरीच ऑपरेशनं करावी लागतात. "तुम्ही अशी किती केलीत?" हे न संकोचता विचारा; चांगला सर्जन रागावत नाही. शिवाय दुर्बिणीला बहुधा पूर्ण भूल लागते. हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतील तर चिऱ्याचं ऑपरेशन कमरेतून भूल देऊन, कधी फक्त जागा बधिर करूनही होतं.

दिवाळीपर्यंत थांबायचं का? दुखत नसेल, गाठ सहज आत जात असेल तर घाई नाही. अमेरिकेतल्या २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात, फारसा त्रास नसलेल्या पुरुषांत आतडं अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनच्या आसपास होतं. पण त्यातल्या जवळपास पाव लोकांनी दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतलंच, मुख्यतः दुखणं वाढलं म्हणून. गाठ आत जाईनाशी झाली, कडक होऊन दुखू लागली, उलट्या झाल्या, तर मात्र त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. जोर लावून ती आत ढकलू नका.

आणखी एक. माझ्या मिस्टरांचं दुर्बिणीतून झालं तेव्हा आठव्या दिवशी त्याच जागी फुगवटा आला. सासूबाई रडकुंडीला आल्या, हर्निया परत आला म्हणून. ते रिकाम्या जागेत साठलेलं पाणी होतं, सहा आठवड्यांत आपोआप जिरलं. असं झालं तर डॉक्टरांना दाखवा, पण सुई घालून काढा म्हणून मागे लागू नका. बाबांना ऑपरेशननंतर लघवी अडकण्याचीही शक्यता आहे, ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा.

प्रोस्टेटच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर ऑपरेशनचं नाव असेल, ते दोन्ही सर्जनना दाखवा. नाव कळलं की इथे लिहा, मी बघते.