साम्राज्याचा ‘ऱ्हास’ की ‘पतन’?

‘आजच्या महासत्तेचे पतन सुरू झाले आहे’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘ऱ्हास’ व ‘पतन’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का, असा प्रश्न आहे. माझ्या मते या वाक्यात ‘ऱ्हास’ हवा.

‘ऱ्हास’ हे संस्कृत ‘ह्रास’चे मराठी रूप. आखूड होणे, कमी होणे या अर्थाच्या ‘ह्रस्’ धातूपासून तो आला असून ‘ऱ्हस्व’ त्याचाच भाऊबंद आहे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळी जवळपास शुद्ध असलेल्या रोमन चांदीच्या नाण्यात इ.स. 270च्या सुमारास शेकडा पाच भागही चांदी उरली नव्हती. वर सम्राटाचा मुखवटा तसाच, आत मात्र तांबे, हा अक्षरशः ऱ्हास होय. म्हणूनच कोणी साम्राज्याच्या ऱ्हासाविषयी बोलू लागला, की नेमके काय कमी झाले, महसूल, सैन्य की चलनाची पत, हे त्याला विचारता येते.

‘पतन’ ‘पत्’ म्हणजे पडणे यावरून आले आहे, आणि पडण्याला सहसा तारीख असते. 476 मध्ये जर्मानिक सेनानी ओडोअ‍ॅकरने पश्चिमेचा शेवटचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलस याला पदच्युत केले आणि पुढे राजचिन्हे पूर्वेच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला, धाडली, ते पश्चिम रोमन साम्राज्याचे पतन. पतन झाल्यावर मागे फिरता येत नाही, ऱ्हास मात्र सावरता येतो: 235 ते 284 या काळात रोम मोडकळीला आले होते, तरी सम्राट डायोक्लेशनने प्रशासन, करव्यवस्था व सैन्य यांची फेरमांडणी केल्यावर पश्चिमेकडील साम्राज्य जवळजवळ दोनशे वर्षे टिकले. ‘पतन सुरू झाले’ असे लिहिणारा हा शेवट आधीच गृहीत धरतो, आणि ते निरीक्षण न राहता भाकीत होते.

शहर किंवा किल्ला शत्रूने जिंकला, तर ‘पाडाव’ अधिक नेमका. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव झाला. विजयनगरचा क्रम तर उलटाच आहे. 1565च्या लढाईनंतर राजधानी उद्ध्वस्त झाली, पण विजयनगरचे आरवीडू राजघराणे पेनुकोंडा आणि पुढे चंद्रगिरीहून अर्धशतकाहून अधिक काळ राज्य करीत होते. म्हणून ‘1565 मध्ये विजयनगर साम्राज्याचे पतन झाले’ हे विधान मला घाईचे वाटते. (राज्य गेल्याचे सांगताना ‘पेशवाई बुडाली’ असे आपण सहज म्हणतो, त्या ‘बुडणे’ला औपचारिक लेखनातही मज्जाव नसावा.)

सोव्हिएत संघाबाबत मात्र यांपैकी कोणताही शब्द पुरत नाही. 1991 मध्ये तेथे राजधानी कोणी जिंकली नव्हती; 15 प्रजासत्ताके वेगळी झाली, आणि त्यासाठी रूढ झालेला ‘विघटन’ हाच शब्द योग्य आहे.